‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ : एका स्वराचा फरक आणि दोन हजार वर्षांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात टंकलिखित झालेल्या एका अर्जात एक चूक राहून गेली. ‘विहित नमुन्यात अर्ज सादर केला आहे’ असे इंग्रजीत लिहावयाचे होते. टंकलेखकाच्या बोटाने एका स्वराच्या जागी दुसरा स्वर उमटविला आणि ‘प्रिस्क्राइब्ड’ नमुन्याचा ‘प्रोस्क्राइब्ड’ नमुना झाला. म्हणजे आमच्या अशिलाने शासनाने ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हे, तर शासनाने बंदी घातलेल्या नमुन्यात अर्ज केला असा त्या वाक्याचा अर्थ झाला! न्यायाधीश महाराजांनी ते वाचून स्मित केले, विरुद्ध बाजूच्या वकिलांनी थोडी मौज करून घेतली, आम्ही दुरुस्तीची परवानगी मागितली आणि प्रकरण पुढे सरकले.

ती चूक आम्ही विसरूनही गेलो असतो. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत खानापूर तालुक्यातील एक वृद्ध आजी आमच्याकडे आल्या. पतीच्या निधनानंतर जमिनीच्या उताऱ्यावर वारसा नोंद व्हावी म्हणून त्यांनी मराठीत अर्ज केला होता आणि ‘विहित नमुन्यात नाही’ एवढा शेरा मारून तो परत करण्यात आला होता. विहित नमुना एकाच भाषेत छापलेला होता आणि ती भाषा आजींना वाचता येत नव्हती. त्यांनी आम्हांस विचारले, “वकीलसाहेब, सरकारनं आमची मराठी बंद केली काय हो?” आम्ही म्हणालो, “नाही आजी, तसा कोणताही कायदा नाही.” त्यावर त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “मग कागद परत का केला?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांस चटकन देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात आम्ही त्या दोन इंग्रजी शब्दांच्या इतिहासात शिरलो. त्या शोधात जे हाती लागले ते सीमेच्या अलीकडील आणि पलीकडील मराठी वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एकाच आईची दोन लेकरे

दोन्ही शब्द लॅटिन भाषेतून आले. ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे. या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता. आपल्याकडील ‘लिख्’ धातूचाही मूळ अर्थ ओरखडणे हाच आहे. दगडावर किंवा मेणाच्या पाटीवर टोकदार वस्तूने ओढलेली रेघ हेच मानवाचे पहिले लेखन, याची साक्ष या दोन दूरच्या भाषा सारख्याच रीतीने देतात. ‘स्क्रिप्ट’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’, ‘सबस्क्राइब’, ‘डिस्क्राइब’ ही सारी याच धातूची संतती.

धातू एक, फरक उपसर्गाचा. ‘प्राय’ म्हणजे आधी, पुढे, आरंभी. ‘प्रो’ म्हणजे बाहेर, समोर, चारचौघांत. तेव्हा ‘प्रायस्क्रीबेरे’ म्हणजे आधी लिहून ठेवणे आणि ‘प्रोस्क्रीबेरे’ म्हणजे जाहीरपणे लिहून लावणे. मुळात या दोन्ही क्रियांत आज्ञा नव्हती आणि बंदीही नव्हती. पहिलीत मजकुराच्या माथ्यावर लिहिणे होते, तर दुसरीत चव्हाट्यावर फलक लावणे. एखाद्याला घर विकावयाचे असेल, तर त्याची जी जाहिरात रोममध्ये लावली जाई तिलाही दुसरा शब्दच वापरला जात असे. पंधराव्या शतकात हे दोन्ही शब्द इंग्रजीत रुळू लागले, तेव्हा मात्र त्यांचे अर्थ पार बदलून गेले होते. एकाचा अर्थ झाला ‘विहित करणे’, दुसऱ्याचा ‘बहिष्कृत करणे’. हे कसे घडले, त्याची कथा उद्‌बोधक आहे.

माथ्यावरच्या ओळीतून जन्मलेला हक्क

प्रथम ‘प्रिस्क्राइब’ घेऊ. प्राचीन रोममध्ये दिवाणी दावा चालविण्याची एक विशिष्ट रीत होती. प्रेटर नावाचा अधिकारी वादाचा मुद्दा एका ठरावीक मसुद्यात बांधून देई आणि त्या मसुद्याप्रमाणे पंचाने निकाल द्यावा असा संकेत होता. कधीकधी या मसुद्याच्या माथ्यावर एक मर्यादेचे कलम लिहिले जाई : अमुक गोष्ट सिद्ध झाल्यास पुढचा वाद ऐकूच नये. माथ्यावर, आधी लिहिलेले, म्हणून ते ‘प्रायस्क्रिप्तिओ’.

प्रांतांतील जमिनीच्या वादांत असा एक बचाव पुढे आला की, प्रतिवादीने ही जमीन दीर्घकाळ सरळपणे भोगली आहे, तेव्हा आता तिच्यावर दावा ऐकू नये. दोन्ही पक्ष एकाच प्रांतात राहणारे असतील तर दहा वर्षे आणि वेगवेगळ्या प्रांतांत असतील तर वीस वर्षे अशी मुदत ठरली. हा बचाव मसुद्याच्या माथ्यावर मांडला जाई. म्हणून हळूहळू त्या जागेचे नाव त्या हक्कालाच चिकटले. ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणजे दीर्घ वहिवाटीने मिळालेला हक्क, हा अर्थ कायद्यात आजही जिवंत आहे तो असा.

इंग्लंडच्या कायद्याने ही कल्पना उचलली आणि तिला आपले रूप दिले. ‘स्मरणातीत काळापासूनची वहिवाट’ म्हणजे नेमकी कधीपासूनची, हा प्रश्न आला तेव्हा १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने कायदेशीर स्मरणाची सीमा पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाशी, म्हणजे ११८९ शी बांधली. शतके लोटल्यावर एवढा जुना पुरावा देणे अशक्य झाले, म्हणून १८३२ चा वहिवाटीचा कायदा आला आणि अनेक हक्कांसाठी वीस वर्षांची मुदत घालून दिली गेली. तेच तत्त्व भारतात १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात आले. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि त्या वेळी बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. आमच्या भागातील शेतकरी बांधावरच्या गाडीवाटेसाठी किंवा पाटाच्या पाण्यासाठी आजही ज्या ‘वहिवाटी’ची भाषा करतो, तिच्यामागे प्रेटरच्या मसुद्याच्या माथ्यावरची ती ओळ उभी आहे.

या हक्काच्या अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. उपभोग शांततेने झालेला असावा, म्हणजे दंडेलीने नव्हे. तो उघडपणे असावा, म्हणजे चोरून नव्हे. तो हक्क म्हणून असावा, म्हणजे कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. आणि तो अखंड असावा. या चार अटी पुढे आपल्या कामी येणार आहेत.

या शब्दाची दुसरी शाखा आपल्या रोजच्या परिचयाची आहे. औषध बनविण्याआधी वैद्याने लिहून दिलेला आदेश तो ‘प्रिस्क्रिप्शन’. आपण त्याला साध्या मराठीत ‘डॉक्टरांची चिठ्ठी’ म्हणतो. आणि तिसरी शाखा शासनाची : कायद्याखाली नियम करून जे आधी लिहून ठेवले गेले ते ‘प्रिस्क्राइब्ड’, म्हणजे विहित. विहित मुदत, विहित शुल्क, विहित नमुना, विहित पाठ्यपुस्तक. तीनही शाखांत शब्दाचा चेहरा सौम्य आहे. त्यात मार्गदर्शनाचा, व्यवस्थेचा, हिताचा भास आहे.

पांढऱ्या फळीवरची नावे

‘प्रोस्क्राइब’चा चेहरा मात्र एका माणसाने कायमचा काळवंडून टाकला. त्याचे नाव लुसियस कॉर्नेलियस सुल्ला. इ.स.पू. ८२ मध्ये यादवी युद्ध जिंकून तो रोमचा स्वामी झाला. आता कोणाला मारणार आणि कोणाला जगू देणार ते एकदा सांगून टाकावे, अशी विनवणी लोकांनी केली तेव्हा त्याने एक फलक लावला. प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो की पहिल्या दिवशी त्यावर ऐंशी नावे होती. एक दिवस जाऊ देऊन आणखी दोनशे वीस आणि त्यापुढे पुन्हा तितकीच. ज्याचे नाव फळीवर, त्याला ठार मारणे हा गुन्हा नव्हे, उलट मारणाऱ्याला बक्षीस. आश्रय देणाऱ्याला मृत्युदंड. मालमत्ता जप्त होऊन लिलावात जाई आणि मुलानातवंडांना सार्वजनिक पदे बंद होत. ना आरोपपत्र, ना साक्षीपुरावा, ना बचाव. आपले नाव लिहिले गेले आहे, एवढाच पुरावा!

क्विंटस ऑरेलियस नावाच्या एका सरळमार्गी गृहस्थाची हकीकत प्लुटार्कने नोंदली आहे. राजकारणाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो सहज चौकात जाऊन यादी वाचू लागला, तर त्यात त्याचेच नाव! आपल्या आल्बा येथील जमिनीनेच आपला घात केला, असे तो उद्गारला आणि थोड्याच अंतरावर मारला गेला. जाहीर फलकामागे पुष्कळदा कोणाच्या तरी जमिनीवरचा डोळा असतो, हे सत्य त्या गृहस्थाला मरणाआधी उमगले.

वकिली व्यवसायातील वाचकांना या प्रकरणाचा पुढचा भाग विशेष रुचेल. याद्या इ.स.पू. ८१ च्या १ जूनला बंद झाल्या असे जाहीर झाले होते. तरी अमेरिया गावचा एक धनिक त्या तारखेनंतर रोममध्ये मारला गेला आणि मग त्याचे नाव यादीत घुसडण्यात आले. साठ लाख सेस्टर्स किमतीची त्याची मालमत्ता सुल्लाच्या मर्जीतील क्रिसोगोनस याने अवघ्या दोन हजारांत घेतली आणि वर मृताच्या मुलावरच, सेक्स्टस रॉसियसवर, पितृहत्येचा खटला भरण्यात आला. भीतीपोटी मोठे वकील पुढे येईनात. इ.स.पू. ८० मध्ये सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने ते वकीलपत्र घेतले आणि आरोपीला सोडविले. तो तरुण म्हणजे सिसेरो. त्याचा हा पहिला फौजदारी खटला.

काळाची क्रूरता अशी की, यादीच्या अन्यायाविरुद्ध उभे राहून ज्याने नाव कमावले, त्याचेच नाव सदतीस वर्षांनी तशाच यादीत आले. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या त्रिकुटाने पुन्हा फलक लावले. डिसेंबरात सिसेरो मारला गेला आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे तेथेच त्याचे मस्तक व हात टांगण्यात आले. ज्या शब्दाचा अर्थ एके काळी घर विकण्याची जाहिरात एवढाच होता, त्याला तेव्हापासून रक्ताचा डाग लागला तो लागलाच.

नावे, पोशाख आणि पुस्तके

पुढे हा शब्द माणसांवरून त्यांच्या खुणांकडे वळला. स्कॉटलंडमध्ये १६०३ साली मॅकग्रेगर या कुळाचे नावच बंद करण्यात आले. त्या आडनावाने कोणी स्वतःस म्हणवून घेऊ नये असा हुकूम निघाला. मध्यंतरी तो उठला, पुन्हा बसला आणि शेवटी १७७४ मध्ये कायमचा गेला. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलंडमधील बंडाचा मोड झाल्यावर जो कायदा झाला तो ‘प्रोस्क्रिप्शन’चा कायदा म्हणूनच ओळखला जातो. शस्त्रे बाळगण्यास त्याने मनाई केली आणि त्यातील तरतुदींनी पुरुषांचा पारंपरिक हायलंडी पोशाखही गुन्हा ठरविला. पोशाखावरील बंदी १७८२ मध्ये उठली.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत हा शब्द पुस्तकांच्या कपाळी आला. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. १९१० च्या मुद्रण कायद्यातील शब्द ‘जप्ती’चा आहे, परंतु सरकारी दप्तरांत अशा पुस्तकांना ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हटले जाई आणि लंडनच्या ग्रंथालयात त्यांचा जो मोठा संग्रह आहे तो याच नावाने ओळखला जातो. १८५७ च्या संग्रामावरील विनायक दामोदर सावरकरांच्या ग्रंथावर १९०९ मध्ये, तो प्रसिद्ध होण्याआधीच, बंदी आली. न वाचलेले पुस्तक बंद करणे आणि न ऐकलेला माणूस फळीवर लिहिणे, या एकाच जातीच्या कृती आहेत. स्वतंत्र भारतात पुस्तक जप्त करण्याचा अधिकार शासनाकडे राहिला. परंतु १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कारणे नमूद करण्याचे बंधन घातले आणि उच्च न्यायालयाच्या किमान तीन न्यायाधीशांपुढे दाद मागण्याची सोयही ठेवली. म्हणजे फळी राहिली, पण फळीविरुद्ध बोलण्याची जागा निर्माण झाली. सुल्लाच्या रोममध्ये ती नव्हती.

बंदी न घालता बंदी

आता आम्ही आजींच्या प्रश्नाकडे येतो. ‘प्रोस्क्राइब’ हा शब्द उघड आहे. तो चव्हाट्यावर लागतो, डोळ्यांत भरतो, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते. परंतु भाषांचा इतिहास पाहिला तर बहुतेक भाषा त्या शब्दाने मागे हटलेल्या नाहीत. त्या हटल्या त्या सौम्य चेहऱ्याच्या शब्दाने.

वेल्सचे उदाहरण घ्या. १५३६ साली आठव्या हेन्रीच्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला. न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालावे आणि वेल्श बोलणाऱ्याने इंग्रजीचा वापर केल्याविना कोणतेही सरकारी पद भोगू नये, असे त्यात म्हटले होते. घरात, बाजारात, देवळात वेल्श बोलू नये असे कोठेही म्हटलेले नव्हते! तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत स्थिती अशी आली की, अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकविला जाई. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले की तुकडा त्याच्या गळ्यात जाई आणि ज्याच्या गळ्यात तो शेवटी राही त्याला शिक्षा होई. असा तुकडा वापरा म्हणून सरकारने कधी हुकूम काढला नव्हता. इंग्रजी विहित झाली होती. निषेधाचे काम शिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनीच आपसांत उरकले. न्यायालयात वेल्श बोलण्याची मर्यादित मुभा १९४२ मध्ये आणि पूर्ण हक्क १९६७ मध्ये मिळाला. म्हणजे एका ‘विहित’ शब्दाची किंमत चारशे वर्षे!

स्कॉटलंडमध्ये १६१६ साली तेथील मंत्रिमंडळाने गावोगावी शाळा काढण्याचा ठराव केला. इंग्रजी सर्वत्र रुजावी आणि गेलिक नाहीशी व्हावी, हे दोन्ही हेतू त्या एकाच ठरावात शेजारी शेजारी लिहिले आहेत. शाळा काढण्यासारख्या पुण्यकर्माच्या पोटात एक भाषा पुसण्याचे कलम! आणि योगायोग असा की, त्याच १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक आपले ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापून प्रसिद्ध करीत होता. एक सत्ता एका भाषेला शाळेच्या दारातून हाकलीत असता, त्याच बेटाहून आलेला माणूस आपल्या भाषेत ओव्या रचीत होता. त्याच गोव्यात अडुसष्ट वर्षांनी, १६८४ च्या जूनमध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ही मात्र उघड बंदी होती. आणि पाहा, ती उघड बंदी हरली. गोव्यात कोकणीही राहिली आणि मराठीही राहिली.

पाच नखांचे प्राणी

हे तत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. मीमांसाशास्त्रात विधी आणि निषेध ही जोडी प्रसिद्धच आहे; आपले ‘विहित’ आणि ‘निषिद्ध’ हे शब्द तेथलेच. परंतु मीमांसकांनी एक तिसरी गोष्ट ओळखली होती, तिला ‘परिसंख्या’ म्हणतात. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य आहेत, असे वचन आहे. दिसावयास तो विधी आहे. परंतु ते पाच प्राणी खाल्लेच पाहिजेत असा त्याचा अर्थ नव्हे. बाकीचे खाऊ नयेत हा त्याचा खरा अर्थ. रूप विधीचे, फळ निषेधाचे! पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच हे उदाहरण घेतले आहे आणि तेही भाषेच्याच चर्चेत : शुद्ध शब्द सांगितले की अशुद्ध शब्द कोणते ते आपोआप कळते. पाश्चात्त्य विधिज्ञांचे तत्त्वही हेच सांगते की, एकाचा उल्लेख म्हणजे इतरांचा वगळा.

आजींच्या अर्जावरचा तो शेरा म्हणजे परिसंख्याच होती. एक भाषा विहित झाली आणि दुसरी न बोलता निषिद्ध झाली.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा वाद कन्नड भाषेशी नाही आणि तो कधीही नव्हता. आमच्या जेवणातले ‘तूप’, आमच्या घरातले ‘अण्णा’ आणि ‘अक्का’, आजीच्या चंचीतला ‘अडकित्ता’ हे कानडीचे ऋण आम्ही अभिमानाने मिरवितो. कोणत्याही राज्याला आपली राजभाषा विहित करण्याचा अधिकार संविधानाच्या ३४५ व्या अनुच्छेदाने दिला आहे, तो आम्हांस मान्य आहे. आणि न्यायाने बोलावयाचे तर महाराष्ट्रानेही तो वापरला आहे. गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठीच्या सक्तीविरुद्ध घेतलेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली, तेव्हा आपण समाधान मानले होते. जे माप आपण तेथे लावतो तेच येथे लावावे लागेल. राज्याची भाषा शिकविणे वेगळे आणि राज्याच्या भाषेमुळे घरची भाषा शाळेतून, दप्तरातून, फलकावरून निघून जाणे वेगळे. पहिल्यात ‘आणखी’ आहे, दुसऱ्यात ‘ऐवजी’ आहे. नियम मुंबईचा असो वा बेंगळूरचा, त्याच्याकडे आम्ही एकच प्रश्न घेऊन जावे : हा ‘आणखी’ आहे की ‘ऐवजी’?

हाच प्रश्न आपण स्वतःसही विचारावा. १९६२ मध्ये आणि पुढे १९७२ मध्ये मराठीच्या शुद्धलेखनाचे नियम विहित झाले. ते आवश्यकच होते. परंतु त्या प्रमाण मराठीचा दंडा घेऊन सीमाभागातील मुलाच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून हिणविणारे शिक्षक आम्ही आमच्याच शाळांत पाहिले आहेत. ते लाकडी तुकडा गळ्यात अडकवीत नाहीत एवढेच.

वहिवाट मोडू देऊ नये

मग उपाय काय? तो ‘प्रिस्क्रिप्शन’च्या सर्वांत जुन्या अर्थात दडलेला आहे. भाषेला सुविधाधिकारांचा कायदा लागू होत नाही हे आम्ही पुरते जाणतो; हा दृष्टान्त आहे, दावा नव्हे. पण दृष्टान्त म्हणून त्या चार अटी पाहा : शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड. बेळगावात, बिदरात, कारवारात, गोव्यात, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबादेत मराठीची वहिवाट अशीच आहे. वहिवाटीचा हक्क वापराने टिकतो आणि वापर थांबला की क्षीण होतो. बांधावरची वाट कोणी अडविली तर भांडता येते. आपणच चालणे सोडले तर तिच्यावर गवत उगवते आणि मग भांडावयास वाटच उरत नाही.

संविधानाने या वाटेवर काही खुणेचे दगड रोवून ठेवले आहेत. आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ३५० क सांगतो आणि ३५० ख अन्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. ही शेवटची दोन कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. म्हणजे ज्या वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्याच वर्षी. सीमा आखणाऱ्यांना ठाऊक होते की रेषेच्या चुकीच्या बाजूला काही माणसे राहणार आहेत.

आजींच्या प्रकरणात आम्ही एवढेच केले. विहित नमुना आम्ही दुभाष्याच्या साहाय्याने भरून दिला, कारण नियमाशी विनाकारण झगडण्यात अशिलाचे हित नसते. वारसा नोंदीचा अर्ज हे काही गाऱ्हाणे नव्हे. पण तो अर्ज भाषेपायी परत केला जाणे हे गाऱ्हाणेच होय. म्हणून सोबत मराठीत एक स्वतंत्र निवेदन जोडले, त्यात ३५० व्या अनुच्छेदाचा उल्लेख केला आणि दोन्ही कागदांची शिक्क्यासह पोच मागितली. थोडी कुरकूर झाली. मग शिक्का बसला. ती पोच आजींनी घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली. निवेदनाखाली त्यांनी सही मराठीत केली होती, थरथरत्या हाताने, पण स्वच्छ.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस देता येते. आजी, तुमची मराठी कोणी फळीवर लिहून बंद केलेली नाही. तिचे नाव त्यांनी नमुन्यात लिहिलेच नाही, एवढेच. जेथे ते लिहिलेले नसेल तेथे ते आपण आपल्या हाताने लिहावे, त्याखाली सही करावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.